भुतं सहाच शिवली होती

१

सर्व संतांच्या सणाच्या मिस्साहून, चर्चमधल्या सकाळच्या प्रार्थनेहून, आल्बिनाकाकीच्या घरची माणसं परतली आणि नवे कपडे बदलण्याआधीच तिच्या मुलाने, बेसिलने, सगळ्यांना हाका मारून बाहेरच्या खोलीत बोलावलं. भिंतीतल्या काचेच्या कपाटावरचा पडदा त्याने बाजूला केला होता. आत निळ्या कापडावर एक लांबट जागा होती, बाकीच्या कापडाइतकी न विटलेली. त्या जागेवरचा ट्रम्पेट नव्हता.

सालोमी नेमकी तेव्हाच अंगणात आली होती. गास गावात शिवणकाम करणारी ही बाई पंचेचाळिशीची, अविवाहित. गळ्यात कायम मोजपट्टी, सणाच्या दिवशीसुद्धा. आदल्या संध्याकाळी पोरांनी घातलेले भुतांचे कपडे गोळा करायला ती आली होती. आत पाऊल टाकलं, आणि तिचीही नजर त्या रिकाम्या जागेवर गेली.

तो ट्रम्पेट आल्बिनाचा नवरा क्लेमेंट याचा. गासपासून सोपाऱ्यापर्यंत तीस वर्षांत जी लग्नं लागली, त्यांतल्या अर्ध्यांना क्लेमेंटचा बँड होता. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. उद्या मृतांचा दिवस, सगळं गाव दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जाणार, आणि आदल्याच दिवशी हे.

"दार फोडलेलं नाही," फ्रेडरिककाका म्हणाले. ते क्लेमेंटचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आता घराण्यातलं कर्तं माणूस तेच. "किल्ली येशूच्या तसबिरीमागे जागच्या जागी आहे. म्हणजे जागा माहीत असणाऱ्याने काढली, उघडलं, बंद केलं आणि परत ठेवली. घराबाहेरच्या किती माणसांना ती जागा माहीत आहे?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुंपणापलीकडच्या सुभद्राचा मुलगा तुळशीदास याच खोलीत सात वर्षं क्लेमेंटकडे ट्रम्पेट शिकला होता. गेल्या नाताळात त्याने बँडसाठी तो मागितला, तेव्हा फ्रेडरिककाकांनी साफ नकार दिला होता. घरातली वस्तू घराबाहेर जाणार नाही, असं सांगून.

"आणि हे बघा." काकांनी मागे धरलेला हात पुढे केला. हातात पांढऱ्या मांजरपाटाचं, डोळ्यांना दोन भोकं असलेलं भुताचं पांघरूण होतं. "मागच्या दारालगतच्या कुंपणावर मिळालं. आत टी लिहिलंय."

टी सालोमीनेच निळ्या धाग्याने घातला होता. तुळशीदासचा.

"जाऊ दे फ्रेडरिक," आल्बिनाकाकी म्हणाली. ती कपाटाकडे पाहत नव्हती. "पोरावर असा आळ घेऊ नकोस."

"पाच वाजेपर्यंत थांबतो, वहिनी. ट्रम्पेट आला नाही तर चौकीत तक्रार देणार. मसुदा आत्ताच लिहायला घेतो."

काकांचा मसुदा म्हणजे कार्बन घालून तीन प्रती, हे सालोमीला माहीत होतं. एकदा लिहिला की मागे घेणार नाहीत, हेही माहीत होतं. तिने तुळशीदासचं पांघरूण मागून घेतलं आणि बोचक्यात टाकलं. ओसरीवर बाकीची पाच होती. तिने मोजली. सहा.

ती थांबली. पुन्हा मोजली. सहाच. तिने शिवली होती तीही सहाच.

मग काल रात्रीच्या जेवणाआधी, या अंगणात, तिने सात भुतं कशी पाहिली होती?

२

ही हॅलोविनची टूम बेसिलची. तो बहारीनमध्ये एका अमेरिकन कंपनीत कामाला. तिथल्या कॉलनीत ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी साहेबांची पोरं भुतं बनून घरोघर फिरतात, असं त्याने सुट्टीवर आल्या आल्या सांगितलं आणि आळीतल्या तरुण मंडळींनी ते उचलून धरलं. फादरांची परवानगी काढायला सालोमीलाच पुढे केलं. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उद्या सकाळच्या मिस्साला ही सगळी भुतं हजर राहणार ना? मग करा."

भोपळा सुभद्राच्या वाडीतला. तो कोरून आत मेणबत्ती लावली, आणि कोरलेला गर वाया जाऊ नये म्हणून सुभद्राने त्याचे घारगे तळायला घेतले. साहेबांची भुतं कशी दिसतात ते कोणाला नीट माहीत नव्हतं, म्हणून सहाजणांनी पांढरी पांघरुणं घेतली आणि बाकीच्यांनी आपापल्या आजीने सांगितलेलं भूत निवडलं. तुळशीदासची बहीण चंद्रकांता हडळ झाली होती. हडळीची पावलं उलटी असतात म्हणून तिने जुन्या कॅनव्हासच्या बुटांचे पुढचे भाग कापून ते टाचेच्या बाजूने बांधले होते. चालताना तिची जी तारांबळ उडत होती, ती पाहून फ्रेडरिककाकासुद्धा एकदा हसले होते.

बेसिलने बहारीनहून व्हीसीआर आणला होता. माणिकपूरच्या व्हिडिओ लायब्ररीतून इंग्रजी भुताचा पिक्चर आणला. टीव्ही ओसरीवर, माणसं अंगणात चटयांवर. सात वाजता सुरू झाला. पडक्या बंगल्यात एक बाई हातात मेणबत्ती घेऊन जिने चढत होती, आणि ती काय बोलते ते बेसिल मराठीत सांगत होता. आल्बिनाकाकीला असले पिक्चर सहन होत नाहीत. ती जपमाळ घेऊन आतल्या खोलीत बसली होती.

बाई तळघराच्या दाराशी पोचली आणि पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. बेसिल स्पिरिट आणि कापूस घेऊन मशीनशी झटू लागला. तेवढ्यात कोणीतरी टेपरेकॉर्डर लावला. त्यात आधी लांडग्यांचं ओरडणं होतं आणि मग ठेका धरायला लावणारं गाणं. भुतं उठली. एकामागे एक, खांद्यावर हात ठेवून अंगणभर नाचायला लागली.

सालोमीने तेव्हा ती सवयीने मोजली होती. आपण शिवलेले कपडे माणसांच्या अंगावर चालताना पाहिले की तिला मोजल्याशिवाय राहवत नसे. सात भरली. तिला वाटलं, फिरत्या रांगेत एकाला दोनदा मोजलं असेल. वीसेक मिनिटांनी पिक्चर पुन्हा सुरू झाला आणि ती ते विसरून गेली.

आता ओसरीवर बोचकं बांधताना तिने डोळे मिटले आणि ती रांग पुन्हा आठवून पाहिली. तिची भुतं बिनबाह्यांची होती. पोरं अडखळू नयेत म्हणून तिने पांघरुणं घोट्याच्या वर चार बोटं कापली होती. आणि रांगेतल्या शेवटच्या भुताला बाह्या होत्या. लांब, रुंद बाह्या.

कुंपणापलीकडून सुभद्राच्या रडण्याचा आवाज आला. फ्रेडरिककाका तिथे जाब विचारून आले होते.

३

तुळशीदास पडवीत गुडघे उराशी घेऊन बसला होता. बावीस वर्षांचा, सहा फुटी गडी. त्याच्या वाडीतला फुलांचा भारा उचलायला दोन माणसं लागत, हा एकटा उचलायचा.

"काल पिक्चर अर्धा टाकून तू कुठे गेलास?" सालोमीने विचारलं.

"इथेच होतो."

"काका विश्वास ठेवत नाहीत."

"माहीत आहे. आई म्हणाली माझ्याजवळ होता, तर म्हणाले, आईच ती, मुलासाठी खोटं बोलणारच." त्याने मान वर केली. "मला काय म्हणायचं ते म्हणा, मावशी. आईला असं बोलायला नको होतं."

"पण तू आलास कशाला इकडे? बहीण हडळ झालेली, सगळे मित्र तिथे."

सुभद्राने पदराने डोळे पुसले आणि मुलाकडे पाहून म्हणाली, "सांग की. नाहीतर मी सांगते."

"भीती वाटली," तो पुटपुटला. "नाच संपून पिक्चर पुन्हा लागला आणि ती बाई तळघरात उतरायला लागली, तेव्हाच मी उठलो. मागच्या बाजूने आलो, पांघरूण कुंपणाला अडकलं, ते तसंच टाकलं. चुलीपाशी आईजवळ बसलो. घारगे खाल्ले. मावशी, हे बाहेर सांगू नका."

सालोमीला हसू आलं, ते तिने गिळलं. चोरीचा आळ अंगावर असताना या पोराला लाज वाटत होती ती भित्रेपणाची. त्याच्यावर विश्वास ठेवायला तिला एवढं पुरेसं होतं. फ्रेडरिककाकांना पुरणार नव्हतं.

मग ती चुलीपाशी उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीकडे वळली. "चंद्रकांता, तू शेवटपर्यंत होतीस. बाह्यावालं भूत कोण होतं?"

"तेच ना, मलाही कळलं नाही," चंद्रकांता म्हणाली. "नाच संपत आला तेव्हा मी फाटकापाशी उभी होते. माझ्या उजव्या बुटाची नाडी सुटली होती. ते भूत बाहेरून आत येत होतं. थांबलं, खाली बसलं आणि नाडी बांधून दिली. मी थँक्यू म्हटलं तर बोललं नाही. नुसता गालाला हात लावला."

"आणखी काय आठवतं?"

"डांबरगोळ्यांचा वास येत होता. आणि त्याचा झगा जमिनीवर लोळत होता. कड ओली होती, माझ्या पावलाला गार लागली."

"नाडी कुठे आहे?"

चंद्रकांताने कोपऱ्यातले बूट आणले. डावा सोडला होता. उजव्याची गाठ इतकी पक्की बसली होती की तिने पाय तसाच ओढून काढला होता. सालोमीने बूट मांडीवर घेतला आणि खिडकीकडे वळवला. नाडी तिच्याच दुकानातली. गाठ साधीच, दोन फासांची. पण पदर उलटा वळलेला. उजव्या हाताने बांधली की वरचा पदर एका अंगाला पडतो. इथे तो दुसऱ्या अंगाला पडला होता. सव्वीस वर्षं गाठी मारण्यात आणि सोडवण्यात गेलेल्या बाईला हे कोणी शिकवायला लागत नाही.

"काय झालं?" सुभद्राने विचारलं.

"काही नाही," सालोमी म्हणाली. पण ती जागची हलली नाही.

ही गाठ डावऱ्या माणसाची होती. आळीत डावरी माणसं दोन, आणि दोघंही एकाच घरात राहत होती.

४

बेसिल ओसरीवर बसून व्हीसीआरची वायर गुंडाळत होता, डाव्या हाताने. सालोमीने त्याच्यापासून सुरुवात केली. पण तो सातवं भूत नव्हता, हे तिला पायरी चढतानाच पटलं होतं. मशीन अडकलं त्या वीस मिनिटांत तीसेक माणसं त्याच्याकडे तोंड करून बसली होती आणि लवकर कर, लवकर कर म्हणून त्याचा जीव खात होती. शिवाय तो बापासारखा उंच. जमिनीवर लोळणारा झगा त्याच्या अंगावर लोळला नसता.

तिने वेगळंच विचारलं. "कपाटावर पडदा होता. चोरी झालेली दिसत नव्हती. मग मिस्साहून आल्या आल्या तू तो बाजूला का केलास?"

"पुसायला. उद्या मृतांचा दिवस, म्हटलं बाबांचा ट्रम्पेट पुसावा."

"तो तुझी आई रोज पुसते."

बेसिलच्या हातातली वायर थांबली. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. खरं बोलत होता असं दिसलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटून गेलं.

सालोमीला बुधवारची दुपार आठवली. बेसिल तिच्याकडे आला होता. मखमलीचा तुकडा आणि सरकी काढलेला कापूस हवा होता, एका भेटवस्तूच्या खोक्याला आतून अस्तर लावायला. तिने माप विचारलं. वीस इंच लांब, सात रुंद. वस्तू काय आहे ते त्याने सांगितलं नव्हतं. तिने आत जाऊन कपाटातली ती न विटलेली जागा मोजपट्टीने मोजली. लांबी एकोणीस इंच, रुंदी सहाला जरा कमी.

म्हणजे ट्रम्पेट कुठेतरी जाणारच होता. चोरीला जाण्याच्या आधीच.

पाणी प्यायच्या निमित्ताने ती मागच्या दारी गेली. दुपारचे दोन. सणाचा दिवस, त्यात रविवार, गावातल्या एकाही ख्रिस्ती घरी आज कपडे धुतले नव्हते. आल्बिनाकाकीच्या वलणीवर मात्र एकच कपडा वाळत होता. लांब बाह्यांचा पांढरा झगा, चर्चच्या मिरवणुकीत पुरुष घालतात तसला. त्याच्या काखेतली पट्टी सालोमीने ओळखली. क्लेमेंटच्या अंगात तो दाटायला लागला तेव्हा तिनेच ती घातली होती.

तिने झग्याची कड उचलून पाहिली. दोनदा चोळून धुतली होती, तरी पाटातल्या काळ्या चिखलाची रेघ पुरती गेली नव्हती.

"सालू," मागून आवाज आला. आल्बिनाकाकी दारात उभी होती. "ती कड सोड आणि आत ये."

५

आतल्या खोलीत काकीने दार लोटून घेतलं. पलंगावर बसली. डाव्या हाताने उशीची खोळ उगीच सारखी करत राहिली. साठीची, बुटकी, सडसडीत बाई. क्लेमेंटच्या शेजारी उभी राहिली की त्याच्या छातीला लागायची.

"केव्हा कळलं तुला?" तिने विचारलं.

"गाठीवरून शंका आली. झग्यावरून खात्री झाली." सालोमी तिच्या पायाशी बसली. "नाचलीससुद्धा, काकी. त्यांच्या रांगेत."

"फाटकापर्यंत जायचं होतं. रांग आडवी आली. शेवटच्या पोराने माझा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला, मग काय करते." तिच्या तोंडावर क्षणभर हसू आलं. "किती वर्षांनी नाचले मी. तोंडावर पातळ पांढरं फडकं ओढलेलं, ट्रम्पेट पोटाशी बांधलेला, बाहेर दिसू नये म्हणून वाकून नाचत होते."

मग ती सांगायला लागली, हळूहळू. बेसिलच्या पलंगाखाली तिला लाकडी खोका दिसला होता. आत मखमल, झाकणावर इंग्रजीत त्याच्या साहेबाचं नाव. हा साहेब जुनी वाद्यं जमवतो, हे बेसिलने मागच्याच सुट्टीत कौतुकाने सांगितलं होतं. बेसिलची नोकरी संपत आली होती. ती आणखी तीन वर्षं वाढवायची की नाही, ते त्याच साहेबाच्या हातात होतं.

"त्याला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर म्हणाला असता, आई, घरासाठीच करतोय. आणि ते खरंच आहे. मग मी काय बोलणार? म्हटलं, वस्तूच सापडली नाही तर प्रश्न मिटला. तो जाईल, मग मी काढीन."

"आणि तुळशीदास?"

काकीचा हात खोळीवर थांबला. "ते मनात आलंच नव्हतं. शपथ घेऊन सांगते. सकाळी फ्रेडरिकने त्याचं नाव घेतलं तेव्हा माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण समोर बेसिल. दोन वर्षांनी एकदा येतो, दहा दिवसांनी जाणार. सगळ्या आळीदेखत त्याला बापाचा ट्रम्पेट देऊन टाकणारा म्हणू? तो पुन्हा कोणत्या तोंडाने येईल?"

"पाच वाजता काका चौकीत जातील."

"त्याआधी मी बोलणार होते."

"नक्की?"

आल्बिनाकाकीने उशी मांडीवर ओढली. "माहीत नाही," ती म्हणाली. आणि मग, "सुभद्रा रडत होती ना? इथे ऐकू येत होतं."

बाहेर घड्याळात तीनचे ठोके पडले.

"सगळ्यांना चार वाजता बोलाव," काकी म्हणाली. "माझं नाव सांग. कसं केलं ते सगळं सांग. का केलं ते विचारलं तर मी बघते. बेसिलचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार. ट्रम्पेट कुठे आहे तेवढं सांग."

"तुझ्याकडे," आल्बिनाकाकी म्हणाली.

६

चार वाजता ओसरीवर माणसं जमली. फ्रेडरिककाका खुर्चीवर, मांडीवर तक्रारीच्या तीन प्रती. बेसिल खांबाला टेकून. सुभद्रा, चंद्रकांता आणि तुळशीदास पायरीच्या खालीच थांबले, वर आले नाहीत. एरवी हीच माणसं न विचारता स्वयंपाकघरापर्यंत येत असत. सालोमीला ते फार लागलं.

तिने बोचकं सोडलं आणि सहाही पांघरुणं एकेक करून ठेवली. मग शांतपणे सांगत गेली. भुतं सहा शिवली होती, नाचली सात. सातव्याला बाह्या होत्या, म्हणजे ते शिवलेल्यांतलं नव्हतं. डांबरगोळ्यांचा वास होता, म्हणजे कपडा पेटीतून काढलेला. तो जमिनीवर लोळत होता, म्हणजे कपडा उंच माणसाचा आणि आत बुटकं माणूस.

"तुळशीदास उभा राहा," ती म्हणाली. तो उभा राहिला. तिने वलणीवरून आणलेला झगा त्याच्या खांद्याला लावला. तो त्याच्या पिंढरीपर्यंतच आला. "हा लोळेल का, काका?"

काकांनी झगा ओळखला होता. त्यांचा रंग उतरला.

सालोमीने बूट पुढे ठेवला आणि गाठीबद्दल सांगितलं. डावऱ्या हाताची गाठ. मग ती थांबली. पुढचं बोलायची गरज उरली नव्हती. सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या होत्या.

"वहिनी?" फ्रेडरिककाका म्हणाले. "स्वतःच्या घरात? स्वतःची वस्तू?"

"हो," आल्बिनाकाकी म्हणाली. "मीच नेला. झग्याखाली बांधून, पाट ओलांडून सालूच्या पडवीत, चिंध्यांच्या टोपलीत तळाशी ठेवला."

"पण कशासाठी?"

"वाटलं म्हणून."

"वाटलं म्हणून? अहो, एका पोराला मी तुरुंगात घालायला निघालो होतो."

"माझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं, फ्रेडरिक. म्हातारी झाले. सुभद्रा, तुळशी, माझं चुकलं."

चंद्रकांताने आईकडे पाहिलं, तिच्या नजरेत कीव होती. काकांनी हळूच मान हलवली, डॉक्टरांना दाखवायला हवं अशा अर्थाने. आल्बिनाकाकी ताठ बसून होती. तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं उद्या सगळं गाव म्हणणार होतं, आणि ती ते अंगावर घेऊन बसली होती. सालोमीने ओठ घट्ट मिटून धरले. दिलेला शब्द मोडावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"आईचं डोकं ठिकाणावर आहे," बेसिल म्हणाला.

तो खांबापासून पुढे आला. "मी ट्रम्पेट माझ्या साहेबाला देणार होतो. नोकरी वाढवून मिळावी म्हणून. खोका तयार आहे आत. तिला तो दिसला असणार." त्याने आईकडे पाहिलं. "मला वाटलं, नुसता कपाटात पडून आहे. कोणाला काय त्याचं. ती रोज तो पुसते, हे मला आज दुपारी कळलं. तेही सालोमीमावशीकडून."

"बेसिल, गप्प राहा," काकी म्हणाली.

"नाही, आई. सकाळी काका तुळशीचं नाव घेत होते तेव्हा मीही गप्प होतो. मला वाटलं, त्यानेच घेतला असेल तर बरंच, निदान साहेबाला द्यायची वेळ येणार नाही. इतका वाईट विचार केला मी."

तो आईच्या पायाशी बसला आणि तिने डाव्या हाताने त्याचे केस मागे सारले, तो शाळेत जायचा तेव्हा सारायची तसे.

फ्रेडरिककाका खुर्चीवरून उठले. तीन प्रती दोन्ही हातांत घेऊन त्यांनी उभ्या फाडल्या, मग आडव्या. पायऱ्या उतरून खाली गेले. सगळ्यांना वाटलं तुळशीदासशी बोलतील. ते सुभद्रापुढे उभे राहिले.

"मुलासाठी खोटं बोलतेस असं मी म्हणालो," ते म्हणाले. चाळीस वर्षं लोकांकडे खुलासे मागत आलेल्या माणसाला स्वतःचा खुलासा देणं जड जात होतं. "तू खरं बोलत होतीस. मला क्षमा कर."

सुभद्राने लगेच मान डोलावली नाही. मग म्हणाली, "सकाळपासून कोणी जेवलेलं नाही आमच्याकडे, भाऊजी. तुम्हीसुद्धा जेवला नसाल." आणि ती पायऱ्या चढून सरळ आल्बिनाच्या स्वयंपाकघरात गेली.

७

ट्रम्पेट चिंध्यांतून काढला तेव्हा त्याच्या तिन्ही कळा अडकलेल्या होत्या. तीन वर्षांत बाहेरून लख्ख पुसला गेला होता, आतून कोणी पाहिलं नव्हतं. सालोमीने शिलाई मशीनचं तेल आणलं आणि रविवारी संध्याकाळी तुळशीदास, बेसिल आणि फ्रेडरिककाका तिघं ओसरीवर डोकी एकत्र घालून बसले. आल्बिनाकाकीने ट्रम्पेट तुळशीदासच्या हातात दिला तो तिथेच, कसलाही समारंभ न करता. "वाजवणाऱ्याकडे राहू दे," एवढंच म्हणाली. काका तेलाच्या बुधलीकडे पाहत राहिले. हरकत घेतली नाही.

सोमवारी ऊन उतरताना दफनभूमीत क्लेमेंटच्या कबरीशी तुळशीदासने तो ओठांना लावला. पहिला सूर फाटला. दुसराही. आजूबाजूच्या कबरींवर झेंडू मांडणारी माणसं वळून पाहू लागली. तुळशीदासचे कान लाल झाले. तिसऱ्या वेळी सूर लागला आणि मग लागतच गेला. सालोमीच्या शेजारी उभी असलेली आल्बिनाकाकी रडली नाही. ती पायाने ठेका धरत होती. तिच्या लुगड्याची कड हलताना सालोमीला दिसली.

बेसिल ठरल्या दिवशी बहारीनला गेला. साहेबासाठी त्याने सुकेळ्यांचं, उन्हात सुकवलेल्या केळ्यांचं, खोकं नेलं. जानेवारीत त्याचं पत्र आलं. काकीला चष्म्यानेही नीट दिसत नव्हतं म्हणून सालोमीने वाचून दाखवलं. ट्रम्पेटची गोष्ट त्याने साहेबाला खरीखुरी सांगितली होती. साहेबाने ऐकून घेतलं, सुकेळी आवडली असं म्हणाला, आणि तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाची मुदत वाढवून दिली. बेसिलने ते लपवलं नव्हतं, रडगाणंही गायलं नव्हतं. पुढे काय ते बघू, असं लिहिलं होतं.

सालोमीने पत्र घडी करून परत दिलं.

"एकच वर्ष ना?" आल्बिनाकाकीने विचारलं.

"एकच."

"म्हणजे पुढच्या नाताळात घरी," काकी म्हणाली. पत्र पदराच्या आत ठेवलं आणि सुभद्राला सांगायला कुंपणाकडे निघाली.